आभारांचा पाठ

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

आजपासून ही दैनंदिनी लिहिण्यास आरंभ करीत आहे. कारण असे की, आमच्या सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष भगवानराव आज स्वतः घरी आले आणि त्यांनी माझ्यावर एक कामगिरी सोपविली. डेन्मार्क देशातून किर्स्टेन नावाच्या एक तरुण बाई संस्थेस मदत करण्यासाठी आमच्या गावी आल्या आहेत. त्यांच्या देशात म्हणे गावोगावी अशा संस्था पूर्वीपासून आहेत. पुण्यास राहून त्या अक्षरे आणि थोडे व्याकरण शिकल्या, परंतु बोलताना अडखळतात. त्यांना मराठी बोलण्यास शिकवायचे आहे.

भगवानराव म्हणाले, "नाना, गावात सुद्द बोलनारं तुमच्याबिगर हायच कोन? मास्तर तर बदलीपायी बीडला खेटे घालायलाय."

माझे शिक्षण निजामाच्या राज्यात चौथ्या इयत्तेपर्यंत झाले, तेही उर्दूतून. शुद्ध मराठी मी नंतर पोथ्या व वर्तमानपत्रे वाचून स्वतःच्या कष्टाने मिळविले. मिळकत वडिलोपार्जित नसली की मनुष्य तिची अधिक काळजी घेतो. मी होकार दिला.

सौ. साखराबाई आतून म्हणाली, "कावून? ती बी तुमच्यावानी बोलाया लागली तर तिला गावात कोन इचारंल?"

'कावून' नव्हे, 'कशासाठी', असे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलो आहे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

पाठ सुरू झाले. बाई सायंकाळी ओट्यावर येतात. मी खुर्चीवर बसतो, त्या सतरंजीवर. खुर्ची देऊ केली असता त्यांनी नाकारली.

विद्यार्थिनीची प्रगती पुढे ज्यावर मोजली जाईल ती संस्थेची स्थितीही येथे नोंदवून ठेवतो. दुष्काळामुळे मांजरा नदीच्या पात्रात झरे उकरून पाणी भरावे लागते. कडबा तर कोठेच उरला नाही. गावातील दुभती जनावरे केवळ संस्थेच्या गाडीवर जगून आहेत. ही गाडी रोज सकाळी गावचे दूध अंबाजोगाईस नेते आणि परतताना सभासदांसाठी चारा व सरकीची पेंड आणते. परतीची गाडी रिकामी कशाला यावी, हा मुद्दा सभेत मीच मांडला होता आणि तो एकमताने मान्य झाला. दूध आहे तोवर गाडी आहे, आणि गाडी आहे तोवर दावणीला जनावर आहे.

बाया सकाळी आपापल्या चरव्या घेऊन चावडीवर येतात. किर्स्टेनबाई दूध मापून, गाळून कॅनमध्ये ओततात, प्रत्येकीची चरवी उकळत्या पाण्याने धुतात, फडक्याने कोरडी करतात आणि परत देतात. इतकी स्वच्छता मी आजवर पाहिली नव्हती.

पहिला पाठ मी आभारप्रदर्शनाचा निवडला. सुसंस्कृत मनुष्य त्यावरूनच ओळखावा. "मी आपली अत्यंत आभारी आहे." हे वाक्य त्यांनी दिवेलागणीपर्यंत पाठ केले.

सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रगती समाधानकारक. आज गाडी आल्यावर बाईंनी चालक शहादेव यास म्हटले, "कृपया आपण चाऱ्याच्या पेंढ्या खाली उतरवाल काय?" शहादेवाने मागे वळून पाहिले आणि विचारले, "मला म्हनताय व्हय, बाई? मला वाटलं, मागं कलेक्टर हुभा हाय." सर्व हसले. बाईही हसल्या, परंतु त्यांना विनोद कळला नसावा. मी शहादेवास समज दिली.

गावातील बाया त्यांना किसनाबाई म्हणतात. नाव किर्स्टेन आहे हे मी चावडीवर दोनदा स्पष्ट केले. उपयोग झाला नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आजचा दिवस शिक्षक या नात्याने अभिमानाचा. शेजारच्या रतनबाईने काल बाईंसाठी आपल्या चरवीतून ताक पाठविले होते. तिचा मुलगा व सून ऊसतोडीला गेलेली आहेत, घरी ती आणि तिची म्हैस. गावात आज सर्वांत अधिक दूध याच म्हशीचे असते. असो. बाईंनी ती चरवी राखेने घासून, उकळत्या पाण्याने धुऊन लख्ख केली आणि मला सोबत येण्याची विनंती केली. रतनबाईच्या दारात उभे राहून, दोन्ही हातांनी चरवी पुढे करून त्या म्हणाल्या, "आपण दिलेल्या ताकाबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे."

एकही चूक नाही. उच्चारही निर्दोष.

रतनबाईने चरवीत पाहिले, मग बाईंकडे पाहिले, आणि चरवी उचलून ती आत गेली. अशी भाषा तिच्या उंबऱ्याशी पूर्वी कोणी बोलले नसेल. ती भारावून गेली असावी.

सोमवार, ५ मार्च

दूध थोडे कमी आले. उन्हाचा परिणाम.

रतनबाई चार दिवसांपासून चावडीवर आलेली नाही. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडण्यास जात असेल.

शनिवार, १० मार्च

दूध आणखी घटले. रतनबाईच्या मागोमाग तिच्या आळीतील सर्व बाया येईनाशा झाल्या. चौकशी केली असता कोणी म्हणते म्हैस आटली, कोणी म्हणते नातवंडाला दूध लागते. मला हा निव्वळ आळस दिसतो. मनुष्यास दुष्काळी कामावर सरकारची फुकट सुकडी खावयास मिळू लागली की त्याची उद्यमशीलता नष्ट होते.

किर्स्टेनबाई अस्वस्थ आहेत. त्यांनी विचारले, "नाना, माझ्याकडून काही चुकले आहे काय?" मी त्यांच्या वह्या तपासल्या. काहीही चुकलेले नाही. तसे मी सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

रात्री जेवताना साखराबाई उगाच वाटीचा विषय काढू लागली. तिने बाईंना मिरचीचा ठेचा दिला होता. वाटी आज परत आली.

"लई स्वच्छ धून दिली," ती म्हणाली.

"मग तक्रार कसली?"

"तकरार न्हाई. इतकी स्वच्छ व्हती की मला ती फळीवर ठिवू वाटंना."

बायकांचे बोलणे असेच असते. त्यास आगा ना पिछा. मी हात धुतले आणि उठलो.

गुरुवार, १५ मार्च

भगवानराव आले होते. या वेळी बसले नाहीत.

"नाना, तुमची इद्यार्थिनी लई ग्वाड बोलती. पन दूध कुठाय? अंबाजोगाईहून डेरीच्या साहेबाचा निरोप आलाय. पाडव्याच्या आदल्या दिवशी तपासणीला यायलेत. आर्ध्या रिकाम्या कॅनसाठी डिझेल जाळनार न्हाईत म्हनं. गाडी बंद."

"आणि चारा?"

"गाडीच न्हाई तर चारा काय डोक्यावर आनता? जनावरं बाजार दावायची."

जाताना ते हळूच म्हणाले, "गावात बाया म्हनायल्यात, किसनाबाईचा पायगुन न्हाई. तिला दुसरीकडं धाडा म्हनून मला वर कळवावं लागंल."

बाईंनी काय केले आहे, असे मी विचारले. भगवानरावांना ठाऊक नव्हते. कोणाही पुरुषास ठाऊक नाही.

माझी विद्यार्थिनी माझ्याच गावातून घालविली जाणार. मी शिकविलेल्या भाषेचे हे फळ? दिवसभर कशात लक्ष लागले नाही.

मंगळवार, २० मार्च

आज मी स्वतः रतनबाईच्या घरी गेलो. वास्तविक दीराच्या नात्याच्या पुरुषाने असे जाणे प्रशस्त नव्हे, म्हणून अंगणातच उभा राहिलो. ती पदर घेऊन दाराआड उभी राहिली. म्हैस दावणीला रवंथ करीत होती. कास भरलेली मला दुरूनही दिसली.

मी म्हणालो, "रतनबाई, आपण संस्थेस दूध का देत नाही, याचे सत्य कारण मला समजले पाहिजे. किर्स्टेनबाईंच्या बोलण्यात काही न्यून राहिले काय?"

"न्हाई नाना. तुमच्या शिकवन्यात काडीची चूक न्हाई. बाई लई सुद्द बोलती. सरकारी कागद बोलल्यावानी."

"मग?"

तिने दार थोडे पुढे ओढले. नंतर दाराआडूनच म्हणाली, "म्या तिला ताक दिलतं. पोरगी आईबापाला सोडून आली, आपल्या उन्हात करपायली, म्हनून माज्या तोंडचं काढून दिलतं. तिनं काय केलं? चरवी रिती दिली."

"परंतु धुऊन दिली. मी साक्षीला होतो."

"धून, पुसून, कोरडी ठनठनीत! अवो नाना, रितं भांडं कवा देत्यात? येनंजानं मिटलं म्हंजी. तुजं-माजं संपलं म्हंजी. अन् वरून आभार मानले! आता राह्यलं काय? चावडीवर बी ती आल्यापून तेच. रोज दुधानं भरून न्यायची अन् रोज रिती घरात आनायची. आदीच दुस्काळ. रोज सकाळी रितं भांडं उंबऱ्याच्या आत घेऊन मी म्हशीम्होरं कोनत्या तोंडानं बसू?"

"पूर्वी तुम्ही वाण्याला दूध घालीत होता, तेव्हा?"

"वानी बी चिमूटभर साखर टाकायचा की! निदान चार दाने."

मी म्हणालो की ही अंधसमजूत आहे, म्हशीचे दूध चाऱ्याने वाढते. ती म्हणाली, "व्हय, तुमी शिकलेले हाव." घरी आलो.

बुधवार, २१ मार्च

साखराबाईस विचारले, "भांडे रिकामे परत देऊ नये असा काही प्रघात आहे काय?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमाला म्हाईत न्हाई?"

मला ठाऊक नव्हते. विचार करता असे दिसते की मी आजन्म कोणाच्या घरी भांडे परत नेलेले नाही. भांडी जात होती व येत होती. त्यांत काय जाते आणि काय येते हे पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही.

"मग तू हे मला आधी का सांगितले नाहीस?"

"सांगितलं की. वाटीचं सांगितलं. तुमी हात धून उठलाव."

दुपारी ओट्यावर पडलो असता मौलवीसाहेबांची आठवण झाली. निजामी शाळेत मला प्रथम घातले तेव्हा माझ्या कानांवर उर्दूचा एक शब्दही पडलेला नव्हता. मौलवीसाहेबांनी आरंभी कित्येक दिवस 'अलिफ'सुद्धा शिकविला नाही. बसावे कसे, वडील माणूस आले असता उठावे कसे, आदाब करताना हात कोठवर न्यावा, पाण्याचा कटोरा कोणत्या हाताने घ्यावा, एवढेच. माझे वडील चिडले. म्हणाले, "आरं, पोरगं शाळंत घातलंय का दरबारात?" मीही ते दिवस वाया गेलेले समजत आलो. परंतु पुढे जिल्ह्याच्या कचेरीत गेल्यावर माझ्या तुटपुंज्या उर्दूला कोणी हसले नाही, आणि चांगली उर्दू बोलणाऱ्या काहींना हसले, हेही खरे आहे.

मौलवीसाहेबांनी भाषा आधी माझ्या हातांना शिकविली होती. मी किर्स्टेनबाईंच्या फक्त जिभेला शिकविली.

हे वाक्य लिहून दोनदा वाचले. त्यात व्याकरणाची चूक नाही. असती तर बरे वाटले असते.

गुरुवार, २२ मार्च

आज पाठ मी घेतला नाही. किर्स्टेनबाईंस सर्व हकीकत सांगितली. सांगताना शिक्षकाच्या भाषेत सांगितली, म्हणजे "एक मुद्दा अभ्यासक्रमात अंतर्भूत करावयाचा राहिला" अशी. त्यांना कळले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला खुर्चीवर बसवेना.

थोड्या वेळाने त्या एकदम हसू लागल्या. मला वाटले, उन्हाचा त्रास झाला. त्या म्हणाल्या, "नाना, आमच्या गावातही कॅन रिकामे परत येत नसत! माझे वडील संस्थेला दूध देत. संस्था लोणी काढून घेई आणि उरलेले दूध त्याच कॅनमधून घरी पाठवी. मी लहानपणी गाडीची वाट पाहत असे. मी हे विसरले कशी?"

"ते दूध मुलांसाठी असे काय?"

"नाही. डुकरांसाठी."

मी दिव्याची वात सारखी करू लागलो. साखराबाई मात्र आतून मोठ्याने हसली आणि तिने बाईंस स्वयंपाकघरात बोलाविले. पुढील पाठ तिने घेतला. मी दाराबाहेर बसून राहिलो, केवळ उच्चार तपासण्यासाठी. भांडे दिले तर काय टाकावे, घरात काहीच नसेल तर काय टाकावे, कोणाच्या दारातून उभ्या उभ्या परतू नये, सारे तिने सांगितले. उच्चारांविषयी न बोललेलेच बरे. परंतु बाई आज एकदाही अडखळल्या नाहीत.

मी रतनबाईकडे म्हणण्यासाठी क्षमायाचनेची चार वाक्ये तयार केली होती. साखराबाई म्हणाली, "तुमची वाक्यं ऱ्हाऊ द्या. आभारानं तुटलं, ते माफीनं जुडत नसतंय. तिनं काय बोलायचं ते म्या सांगितलंय."

काय सांगितले ते तिने मला सांगितले नाही.

शनिवार, २४ मार्च

सकाळी साखराबाईने उतरंडीतून शाळू काढला. आम्ही स्वतः शिधावाटपाची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खात आहोत. हा शाळू पाडव्यासाठी राखलेला होता. एक वाटी भरून तिने बाईंच्या हाती दिली. मी म्हणालो, "मूठभर पुरेसा नाही काय?" तिने माझ्याकडे पाहिले. मी वहाणा घातल्या आणि सोबत गेलो.

रतनबाई दारात आली. किर्स्टेनबाईंनी वाटी पुढे केली. रतनबाईने आतील शाळू पाहिला, परंतु हात पुढे केला नाही. मला माझ्या चार वाक्यांतील पहिले वाक्य आठवू लागले. तोच बाई उंबऱ्याशी सरळ जमिनीवर बसल्या, पायांतील वहाणा बाजूला सारल्या आणि म्हणाल्या,

"मावशी, लई ऊन हाय. च्या कर की."

मी डोळे मिटले. महिनाभराच्या परिश्रमांचा एका क्षणात नाश झाला होता. आदरार्थी रूप नाही, 'कृपया' नाही, आणि मागितले काय, तर चहा! दुसऱ्याच्या दारात, दुष्काळात!

डोळे उघडले तेव्हा रतनबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती.

"आता कशी मानसावानी बोलली! ये, आत ये. हितं उन्हात कावून बसलीस? नाना, तुमी बी घ्या घोटभर. का तुमाला लेखी आवतन द्यावं लागतंय?"

चहा दुधाचा होता. ज्या दुधाची संस्था वाट पाहत होती, ते.

निघताना बाई उठल्या तेव्हा आभाराचे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले. त्यांनी ते गिळले. मी शिकविलेल्यांपैकी तेच वाक्य त्यांना सर्वांत चांगले येत होते.

रविवार, २५ मार्च

तातडीची सभा घेतली. मी ठराव मांडला की सभासदांस आठवड्याची पेंड एकदम न देता तीतूनच रोज एक मूठ प्रत्येकीच्या चरवीत घालावी. चरवी धुण्याची पद्धत आहे तशीच राहील. भगवानराव म्हणाले, "नाना, ह्यानं काय हुनार? पेंड तेवढीच." मी म्हणालो, पेंड तेवढीच राहील, चरवी रिती जाणार नाही. शहादेव मागून म्हणाला, "आपली गाडी तरी कुठं रिती येती?"

सभेत मध्येच बोलण्याची त्याची सवय वाईट आहे. परंतु मुद्दा माझाच होता.

मंगळवार, २७ मार्च

रतनबाई आली. मागून तिची आळी.

मंगळवार, ३ एप्रिल

साहेब येऊन गेले. सर्व कॅन पाहिले, झाकणे उघडून पाहिले. चावडीत पाय ठेवण्यास जागा नव्हती. चरव्यांत पेंड पडत होती आणि बाया बडबडत होत्या. साहेबांनी किर्स्टेनबाईंस विचारले, "आपणांस येथील भाषा अवगत झाली काय?" बाई म्हणाल्या, "व्हय साहेब, जमतंय थोडं थोडं."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना मराठी कोणी शिकविले?"

मी टोपी सारखी केली. नंतर म्हणालो, "आमच्या सौभाग्यवतीने."

गाडी चालू राहणार.

रविवार, ८ एप्रिल

किर्स्टेनबाई आज आष्टी तालुक्यात गेल्या. तिकडे नवी संस्था निघते आहे. मी निरोपाचे भाषण लिहून ठेवले होते. त्यातील आभाराचा परिच्छेद सकाळी काढून टाकला, आणि मग भाषणात वाचण्यासारखे काही राहिले नाही.

बाया गाडीपर्यंत आल्या. रतनबाईने बाईंच्या कपाळाला कुंकू लावले आणि त्या वाळल्या म्हणून त्यांनाच रागावली. साखराबाईने आमचा पितळी झाकणाचा डबा शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून त्यांच्या हाती दिला. बाईंनी डबा घेतला. आभार मानले नाहीत. "मामी, डबा मी स्वतः घेऊन येते," एवढेच म्हणाल्या.

सायंकाळी ओटा मोकळा वाटला. सतरंजी गुंडाळून ठेवली. घरात डबे मोजकेच आहेत, आणि घट्ट झाकणाचा तर तो एकच होता. कागदात बांधूनही लाडू देता आले असते. चांगला डबा कावून दिला, असे मी साखराबाईस विचारले. ती नुसती हसली.

वर 'कावून' असे लिहिले गेले आहे. खोडत नाही.